फक्त बघण्याचा पत्ता

ज्ञानेशच्या पत्राचं उत्तर सोपानरावांनी कधी दिलंच नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात पोस्टमननं ते दाराच्या फटीतून आत सरकवलं. वहीची दोन पानं, स्वच्छ, वळणदार अक्षर. ते वळण सोपानरावांनीच लावलेलं होतं, शिरूरच्या वाचनालयात, ते तिथं ग्रंथपाल असताना, जुन्या नोंदवह्यांच्या उलट्या कोऱ्या पानांवर. त्यामुळे पत्र हातात घेतल्यावर पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते हे, की पोरगा ‘ळ’ अजून तसाच सुबक काढतो. घरातून निघून गेलेल्या मुलाचं सहा महिन्यांनी पत्र येतं आणि आपल्याला सुचतं ते हे, याची त्यांना नंतर फार लाज वाटली.

पत्रात लिहिलं होतं:

“तीर्थरूप आप्पांस शिरसाष्टांग नमस्कार. मी दौंडला आहे आणि बरा आहे. फोन करणार नाही. फोनवर तुम्ही गप्प राहता आणि मला तुमचा श्वास तेवढा ऐकू येतो. भेटायलाही येऊ नका, समोर बसूनही तुम्ही गप्पच राहाल. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. वावराचे पैसे माझ्या हातून गेले, ते मी भरून काढीन. खाली जी अक्षरं लिहिली आहेत तो माझ्या बिटकॉइनच्या पाकिटाचा पत्ता आहे. तो कुणालाही दिला तरी चालतो. त्यावरून पैसे काढता येत नाहीत, फक्त बघता येतं. काढायची चावी वेगळी, ती माझ्याकडे आहे. पगार झाला की दर महिन्याला मी यात थोडे टाकत जाईन. फोनवर पोर्टफोलिओ ट्रॅकर म्हणून ॲप मिळतात, त्यात हा पत्ता घातला की तुम्हाला घरबसल्या दिसेल. मला काही सांगायला नको, तुम्हाला काही विचारायला नको. पण आप्पा, तुम्हाला लिहिता येतं. एवढंच लिहा, की पत्र पोचलं. त्यावरून मी काय ते समजेन.”

खाली टपालाचा पत्ता होता, द्वारा कस्तुराबाई खानावळवाल्या, स्टेशनसमोरची गल्ली, दौंड. त्याच्याही खाली, चौकटीत, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून बेचाळीस खुणा.

वावराची गोष्ट मोठी नव्हती. न्हावऱ्याच्या रस्त्याला सोपानरावांच्या वाटणीचं अर्धा एकर शेवंतीचं रान होतं. त्यांच्या पत्नी सिंधूबाई होत्या तोवर त्यांनी ते राखलं. त्या गेल्यावर ते विकलं आणि नऊ लाख आले. सोपानरावांना बँकेत जाऊन चार माणसांसमोर बोलायचं म्हणजे घाम फुटायचा, म्हणून त्यांनी ते ज्ञानेशच्या हाती दिले. ज्ञानेश तेव्हा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होता. त्यानं ते बिटकॉइनसारख्या कुठल्याशा नव्या कॉइनमध्ये घातले. आठ महिन्यांत नऊ लाखांचे तीस हजार झाले. त्यानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ते बापाला सांगितलं आणि मान खाली घालून वाट पाहिली.

सोपानराव काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, दोन महिने नाही. पोराचं ताट वाढून ठेवायचे, त्याच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायचे, पण शब्द नाही. राग होता असंही नव्हतं. त्यांना योग्य ते वाक्य सापडत नव्हतं. एकोणचाळीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाला एक वाक्य सापडू नये, ही गोष्ट कुणाला सांगितली तर खरी वाटली नसती, म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितलीही नाही. एका सकाळी ज्ञानेश निघून गेला. घराची किल्ली खिडकीत ठेवून गेला. जुना नंबर बंद पडला तो पडलाच.

म्हणजे पत्राला उत्तर द्यायचं मनात नव्हतं असं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी अकरा मसुदे केले. एकात ‘क्षमा’ हा शब्द दोनदा आला, तो खोटा वाटला. एक भाषणासारखा झाला. एकात पोराला दोष दिल्यासारखं वाटत होतं, तर दुसऱ्यात आपलीच कीव केल्यासारखं. नुसतं ‘पत्र पोचलं’ एवढं लिहून बघितलं, तर ते सरकारी पोचपावतीसारखं दिसायला लागलं. सगळे मसुदे नीट घडी करून शब्दकोशाखाली गेले.

मग त्यांना वाटलं, आधी पोरानं सांगितलेलं करू. पत्ता घालू. मग लिहू.

त्यासाठी त्यांनी बारा दिवस अभ्यास केला. ॲप फोनवर घेतलं, पण त्याला हात लावायची भीती वाटे. आपलं बोट चुकीचं पडून पोराचे पैसे भलतीकडे गेले तर? पत्रातलं ‘फक्त बघता येतं’ हे वाक्य त्यांनी पुनःपुन्हा वाचलं. शेवटी सात जानेवारीला सकाळी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून, भिंग घेऊन बसले. ज्ञानेशची अक्षरं एकेक मोठ्यानं वाचायची आणि एकेक दाबायची. दोनदा ॲपनं ‘पत्ता चुकीचा’ असं लाल अक्षरात सांगितलं. तिसऱ्यांदा हिरवी खूण उमटली, खाली ‘कनेक्टेड’ आलं आणि नाव काय ठेवायचं म्हणून रिकामी चौकट आली. तिच्यात त्यांनी मराठीत ‘ज्ञानेश’ असं लिहिलं. डिसेंबरात टाकलेली एक नोंद तिथं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी, आठ तारखेला, दुसरी नोंद आली.

इथं सोपानरावांची समजूत झाली, आणि ती तीन वर्षं टिकली. जन्मभर त्यांनी पुस्तक हातात घेणाऱ्याचं नाव लिहून घेतलं होतं. पुस्तकाच्या पाठच्या पानावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, तारखेपुढं वाचकाचा नंबर. कुणी वाचलं हे पुस्तकाला ठाऊक असतं, असं ते नव्या सभासदांना गमतीनं सांगत. फोनवर निरोप वाचला की धाडणाऱ्याला दोन निळ्या खुणा दिसतात, हेही त्यांनी पाहिलं होतं. मग जिथं पैशाचा मामला आहे तिथं बघणाऱ्याची नोंद होत नसेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आपण जोडले गेलो, पोराला कळलं, आणि म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी त्यानं टाकले. हेच उत्तर. कागदावरच्या उत्तराची मग घाई राहिली नाही.

ते रोज सकाळी सातला ॲप उघडत. काही कारण नसताना उघडत. त्यांना वाटे, दौंडला पोराच्या फोनवर खूण उमटत असेल, आप्पा येऊन गेले. नोंद नसलेल्या दिवशीही ते थोडा वेळ तसंच उघडं ठेवून बसत, एखाद्याच्या ओट्यावर न बोलता बसावं तसे. रुपयांचा आकडा वरखाली होई, तिकडे त्यांचं लक्ष नसे. ते तारीख बघत. आठ तारखेला नोंद आली म्हणजे पोरगा कामावर आहे, हातीपायी धड आहे. मग ते दुपारी भाताबरोबर एक पापड जास्तीचा भाजत.

एकदा मात्र ते दौंडला गेले होते. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात. एसटीतून उतरले, स्टँडवर चहा घेतला, ‘भेटायला येऊ नका’ हे वाक्य आठवलं, आणि त्याच गाडीनं परत आले. सांगितलेलं ऐकणं एवढंच आपल्याला नीट जमतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

अशा तेहेतीस नोंदी झाल्या. ऑगस्टनंतर त्या थांबल्या.

सप्टेंबरची आठ तारीख गेली. अकरा गेली. मागे एकदा अकराला नोंद आली होती, म्हणून त्यांनी बारापर्यंत धीर धरला. मग सकाळी सातबरोबर ते दुपारी दोनलाही ॲप उघडायला लागले, संध्याकाळी सहालाही. पगार लांबला असेल. काम बदललं असेल. आजारी असेल. ‘असेल’च्या पुढचे शब्द त्यांनी मनात येऊ दिले नाहीत. ऑक्टोबरची आठ तारीखही कोरडी गेली, आणि वसुबारसेच्या सकाळी त्यांनी ॲप उघडलं तर ‘ज्ञानेश’ नावापुढं शून्य होतं. तेहेतीस वेळा टाकलेलं सगळं एका फटक्यात बाहेर गेलं होतं.

ते खुर्चीत बसून राहिले ते शेजारच्यांनी दूध आणून दाराशी ठेवेपर्यंत. पोरगा मेला आणि त्याचा फोन कुणी चोरला, असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, चोर सगळं नेईल, पण दोन महिने थांबेल कशाला? आणि तिसरं मन, जे त्यांना सगळ्यांत जास्त ओळखत होतं, ते म्हणत होतं, तूच काहीतरी दाबलंस.

मग त्यांनी जे केलं त्याची त्यांना पुढं सारखी शरम वाटली. शून्याच्या नोंदीवर बोट दाबलं की पैसे ज्या पत्त्यावर गेले तो पत्ता दिसे. तो त्यांनी उतरवून घेतला आणि ॲपमध्ये घातला. तिथून पैसे आणखी एका पत्त्यावर गेले होते, तोही घातला. त्या पत्त्यावर तर दिवसाला शेकडो नोंदी होत होत्या. त्यातून फुटणाऱ्या वाटा त्यांनी एकेक करून धरल्या. जुन्या सवयीनं नोंदवही आखली. दिनांक, पत्ता, कुठून आला, कुठं गेला. भाऊबीजेपर्यंत सव्वीस पत्ते झाले. आळीत फटाके वाजत होते, आणि दार लावून हा म्हातारा भिंगाखाली कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांची पाकिटं न्याहाळत बसला होता. एखाद्या पत्त्यावर सकाळी नोंद झाली की त्यांचं काळीज उडे. हा तर नसेल? तो कुणीतरी भलताच वाणी असेल हे त्यांना कळत होतं. पण बघायचं थांबलं, तर मग करायला काहीच उरत नव्हतं.

सत्ताविसावा पत्ता घालताना ॲपनं नकार दिला. फुकटात एवढेच बसतात, म्हणालं. तेव्हा त्यांना सारिकाची आठवण झाली.

सारिका कारेगावात राहायची. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती स्टोअरला होती. त्याआधी ती आणि ज्ञानेश एकाच कंपनीत होते. आणि त्याच्याही आधी ती वाचनालयात येणारी, दोन वेण्यांची मुलगी होती, रहस्यकथांची शेवटची पानं आधी वाचून टाकणारी. या बिटकॉइनच्या नादात तिचेही हात भाजले होते असं कानावर होतं. रविवारी सोपानराव नोंदवही पिशवीत घालून तिच्या दाराशी गेले आणि बेल न वाजवता बराच वेळ उभे राहिले. तिनंच दार उघडलं.

“आप्पा, तुमी? आन् आसं दारात का हुबं? पुस्तक परत करायचं राह्यलंय का काय माजं?”

“नाही, नाही,” सोपानराव म्हणाले. “एक विचारायचं होतं. तुला वेळ असेल तर.”

ती मेथीची जुडी निवडत बसली होती. तिनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, चहा टाकला आणि परत पानं खुडायला बसली. सोपानरावांनी पत्र काढून दाखवलं, मग ॲप, मग नोंदवही. नोंदवही बघून तिचे हात थांबले.

“हे सगळं तुमी हातानं उतरवलंत? बेचाळीस-बेचाळीस अक्षरं?”

“काही चुकलंय का?”

“चुकलं न्हाई वो. म्हनून तर.” तिनं वही मिटली. “आप्पा, ही जी हजार नोंदीवाली जागा हाय न्हवं, हे एक्सचेंजचं, म्हंजी कॉइन घेनाऱ्या-इकनाऱ्यांच्या बाजाराचं, गोदाम हाय. हितं जगाचे पैसे येत्यात आन् जात्यात. म्हंजी ज्यानं काडले त्यानं बहुतेक इकून टाकले. हितनं पुढं जी मानसं तुमी धरलीत, त्यांचा न्यानेशशी काय संबंध न्हाई. कुनाच्या बी घरात डोकावताय तुमी.”

सोपानरावांचे कान लाल झाले. “काढले कुणी?”

“ज्याच्याकडं चावी हाय त्यानं. न्यानेश आसंल. न्हाईतर त्याचा फोन ज्याच्या हाती पडला तो. ह्याच्यापलीकडं हे सांगत न्हाई.”

“पण त्याला माझ्याबद्दल ठाऊक होतं,” सोपानराव म्हणाले. “म्हणजे मी रोज बघतो हे. मला सांगितल्याशिवाय तो असा सगळं काढायचा नाही. म्हणून मला भीती वाटते.”

“तुमी बघता हे त्याला कुनी सांगितलं?”

“ॲपनं. त्याच्याकडे दिसत असेल ना. मी पत्ता घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं टाकले. कनेक्टेड लिहून आलं होतं.”

चहा उतू आला तशी सारिका उठली, गॅस बंद केला, आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, “आप्पा, आपल्या वाचनालयाच्या भाईर फळा व्हता. नव्या पुस्तकांची नावं तुमी खडूनं लिवायचा.”

“हो.”

“रस्त्यानं जानारा येनारा वाचायचा. कोन वाचून गेलं, ते फळ्याला कळायचं का?”

“नाही,” सोपानराव म्हणाले.

“हे तसं हाय. सगळ्या जगाला दिसतंय. तुमचं ॲप फळ्याला जोडलंय, न्यानेशला न्हाई. तुमी तीन वर्सं बघितलं काय आन् न्हाई बघितलं काय, तिकडं काडीचं बी कळत न्हाई. दुसऱ्या दिवशी टाकले ते पगाराचा दिवस व्हता म्हनून.”

तिनं कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तसाच खाली ठेवला.

“एकही दिवस नाही?” सोपानरावांनी विचारलं.

“न्हाई.”

“म्हणजे त्याच्या लेखी मी पत्राला उत्तर दिलं नाही. आणि बघितलंही नाही.”

सारिकानं फोन हातात घेतला आणि नोंदी वर सरकवल्या. सांगावं की सांगू नये असं तिच्या तोंडावर दिसत होतं. “हे पैसे एक्सचेंजवरच ठेवले आस्ते तर फुकटात ऱ्हायले आस्ते. दर खेपंला ह्या पत्त्यावर आनायला फी जाती. एवढ्या बारक्या रकमंला ती परवडत बी न्हाई. आमी त्याला याडं म्हनलं आस्तं. त्यानं हे निस्तं कुनाला तरी दिसावं म्हनून केलंय, आप्पा.”

खालच्या रस्त्यावरून शिफ्टची बस गेली. सोपानराव पिशवीची नाडी बांधत आणि सोडत बसले होते.

“आपन असं करू,” सारिका म्हणाली. “त्याच पत्त्यावर माज्याकडनं शंभर-दोनशेचं काय तरी धाडू. त्यानं उघडून बघितलं तर दिसंल, कुनी तरी टाकलंय.”

“कुणी टाकलं ते दिसेल?”

“ते न्हाई दिसनार.”

“मग नको,” सोपानराव म्हणाले. त्यांनी इतक्या चटकन कशाला नको म्हटलेलं सारिकानं कधी ऐकलं नव्हतं. “माझं नाव दिसायला पाहिजे.”

निघताना तिनं त्यांच्या देखत ते सव्वीसच्या सव्वीस पत्ते ॲपमधून पुसले. ज्ञानेशचा तेवढा एकच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ॲप उघडलं नाही. चौफुल्याची पहिली एसटी धरली. पिशवीत पत्र होतं, पेन होतं, आणि शब्दकोशाखालचे अकराच्या अकरा मसुदे होते, एखादा उपयोगी पडेल म्हणून. पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडवली होती. गाडी भीमेवर अर्धा तास उभी राहिली, आणि त्या अर्ध्या तासात सोपानरावांनी मसुदे एकदा वाचून काढले. प्रत्येकात ‘मी’ फार होता. चौफुल्याला उतरून त्यांनी दौंडची गाडी घेतली. दौंडला स्टँडवर चहा प्यायला थांबले नाहीत. थांबलो तर परत फिरू, याची त्यांना खात्री होती.

कस्तुराबाईंची खानावळ म्हणजे चार बाकं आणि एक मोठी चूल. रेल्वेची ड्युटी उतरलेली दोघं-तिघं जेवत होती. कस्तुराबाई साठीपुढच्या, दणकट, भाकरी थापता थापता गिऱ्हाईक जोखणाऱ्या. सोपानरावांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. कस्तुराबाईंचे हात परातीत थांबले.

“म्हंजी पत्र न लिवनारे ते तुमीच.”

“हो,” सोपानराव म्हणाले.

“बसा.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “वरीसभर ते पोरगं हितं जेवलं. पोस्टमन गल्लीत शिरला की ताटावरनं उठायचं. मी म्हनायची, आरं, त्यो काय गाडी हाय का सुटायला, बस की खाली. तर म्हनायचं, मावशी, माझा बाप पुस्तकातला मानूस हाय, उशिरा लिवील पन लिवील. वरीस झालं. मग म्हनाय लागलं, त्यांची प्रकृती बरी नसंल. मग कायच म्हनंना.”

“आता कुठं आहे?”

“गुजरातेत. बंदरावर काम लागलं म्हनून गेलं. त्याला बी दीड-दोन वर्सं झाली.” त्यांनी भाकरी उलटली. “जाताना एक पाकीट दिऊन गेलं. वर त्याच्या हातचा तितला पत्ता, पाच रुपयाचं तिकीट लावलेलं. म्हनलं, मावशी, तुला लिवता येत न्हाई म्हनून सगळं करून ठेवलंय. घरनं पत्र आलं तर ह्यात घाल आन् पेटीत टाक.”

“ते पाकीट आहे?”

जेवणारा एक माणूस कालवण मागत होता, त्याला कस्तुराबाई वाढून आल्या.

“गनपती बसले व्हते तवा फोन आला त्याचा. इचारलं, मावशी, पत्र आलं का? म्या म्हनलं, न्हाई रं बाबा. लई येळ गप ऱ्हायला. मला निस्ता श्वास ऐकू यायचा. मग म्हनला, बरं. ते पाकीट आता चुलीत घाल. आन् ठेवला. म्या त्याच नंबराव परत लावला तर कोन तरी दुसराच, हिंदीत बोलला. दुकानाचा फोन व्हता म्हनं.”

गणपती. म्हणजे सप्टेंबरच्या आठ तारखेच्या आधी. सोपानरावांनी डोळे मिटले. पोरगा जिवंत होता. कुणी काही चोरलं नव्हतं. दाखवायचं कुणाला म्हणून त्यानं टाकायचं थांबवलं, मग दीड महिना वाट पाहिली की काय कोण जाणे, आणि वसुबारसेला फळा पुसून टाकला. पोरगा जिवंत आहे याचा आनंद व्हायला हवा होता.

“जाळलंत?” त्यांनी विचारलं.

“घालनारच व्हते,” कस्तुराबाई म्हणाल्या. हात पुसत उठल्या, फळीवरचा पिठाचा डबा बाजूला केला आणि त्याच्या मागून पाकीट काढलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या, एका कोपऱ्याला तेलाचं बोट लागलं होतं. “पन तिकीट लावल्यालं पाकीट. जाळवंना मला. पाच रुपयं का असनात, पोरानं घातल्यात.”

पाकिटावर ज्ञानेशचं अक्षर होतं. त्याच्याच हातानं त्याचंच नाव. सोपानरावांनी पिशवीतून मसुदे काढले, बाकावर ठेवले, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कस्तुराबाईंना म्हणाले, “एक कोरा कागद मिळेल का?”

गिऱ्हाइकांच्या हजेरीच्या वहीतलं एक पान त्यांनी टरकन फाडून दिलं. सोपानराव लिहायला बसले. अक्षर वळत नव्हतं, आणि शेजारी कुणीतरी मिठाची वाटी सरकवायला सांगत होतं. त्यांनी मीठ सरकवलं आणि लिहिलं:

“चि. ज्ञानेश यास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तीन वर्षांपूर्वीच पोचलं. तू टाकलेलं प्रत्येक वेळी मी बघितलं, तेहेतीस वेळा. गेल्या वर्षी मार्चात आठला आलं नाही, अकराला आलं. ते तीन दिवस मला अन्न गेलं नाही. मी बघतो ते तुला दिसत असेल अशी माझी समजूत होती. ते तसं नसतं हे मला काल सारिकानं सांगितलं. वावराचं झालं तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं, रागाचं का होईना. आता भरून काढायचं काही राहिलेलं नाही. तू घरी ये. येता येत नसेल तर फोन कर. माझा नंबर तोच आहे. मी बोलण्याचा प्रयत्न”

इथं ते थांबले. ‘बोलण्याचा प्रयत्न’वर त्यांनी काट मारली. पान खराब झालं. एरवी त्यांनी ते चुरगाळलं असतं. त्यांनी पुढं लिहिलं, “बोलेन. तुझा, आप्पा.”

पाकिटाचा डिंक वाळून गेला होता. कस्तुराबाईंनी पातेल्यातली चार शितं त्यांच्या तळहातावर दिली. सोपानरावांनी ती बोटानं चिरडून पाकिटाच्या कडेला लावली, आणि चिकटेपर्यंत ते दोन्ही हातांत दाबून धरलं.

“तितं आसंल का आजून, काय सांगावं,” कस्तुराबाई म्हणाल्या. “ही पोरं आज हितं, उद्या तितं.”

“हो,” सोपानराव म्हणाले.

“जेवून जावा.”

“आधी हे टाकतो.”

लाल पेटी गल्लीच्या तोंडाशी होती. तिथवर जाताना त्यांना चार शंका आल्या. आपण तारीख घातली नाही. ‘काल सारिकानं’ असं लिहिलं, पण सारिका कोण हे त्याला आठवेल ना. काट फार ठळक दिसेल. आणि शितानं चिकटवलेलं गुजरातेपर्यंत टिकेल का. पेटीसमोर उभं राहून त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. स्टेशनात गाडी लागल्याचं कुणी ध्वनिक्षेपकावरून सांगत होतं, माणसं त्यांना घासून पुढं पळत होती. त्यांनी पाकीट फटीत घातलं आणि तळहात पेटीत जाईल तेवढा आत नेला. मग बोटं सोडली. आत पडल्याचा आवाज झाला तेव्हा हात बाहेर काढला.